मारुतीरायाचा शड्डू

ओढ्याकाठच्या खडकओहोळ गावात, मारुतीच्या देवळामागच्या ओवरीत भिवगिरी महाराज राहत असत, त्या काळची ही गोष्ट. देऊळ आणि तालीम यांना अंगण एकच. त्यामुळे शनिवार उजाडला की त्या अंगणाला उसंत म्हणून नसे. पहाटेपासून बायाबापड्या तेल आणि रुईच्या माळा घेऊन येत. दुपार कलली की तालमीतली पोरं हौद्यातली तांबडी माती खणून, ताक आणि तेल घालून मऊ करीत, मग जोर-बैठकांनी घामाघूम होत. दिवेलागणीला त्याच अंगणात भजन उभं राही. महाराजांना यातलं सगळंच प्रिय. सकाळी ते माळा ओवायला बसत, दुपारी छाटी खोचून खोरं हाती घेत आणि संध्याकाळी टाळ. "मारुतीरायाला बळही आवडतं आणि नामही आवडतं. त्यातलं एक निवडणारे आपण कोण?" असं ते हसून म्हणत.

भजनाला पखवाजाची साथ रखमाजीची. माणूस म्हणजे नुसतं पाप्याचं पितर, त्यात दम्यानं छातीचा भाता झालेला. पण देवापुढे पखवाज वाजवण्याची सेवा त्याच्या घरात आजोबांपासून चालत आलेली, आणि तिच्यावाचून त्याने देवाजवळ कधी काही मागितलं नव्हतं. पखवाजाच्या डाव्या पुडीवर, म्हणजे त्या बाजूच्या कातड्यावर, दर वेळी ताजी कणीक थापावी लागते, तेव्हा कुठे ती घुमते. खडकओहोळ पडलं ज्वारीचं गाव. गहू दिसायचा तो सणावाराला. रखमाजीची बायको ठकूबाई पोरांच्या तोंडची पोळी काढून शनिवारपुरतं मूठभर पीठ राखून ठेवायची. केवढी ही निष्ठा!

तालमीचा दौलू वस्ताद माणूस तसा वाईट नव्हे, पण बळाचा ताठा फार. पंचांमध्येही त्याचाच शब्द चाले. भजनापायी पोरांना ऐन रंगात माती सोडावी लागते, हे त्याला खुपत होतं. त्या शनिवारी त्याने सगळ्यांदेखत रखमाजीला गाठलं.

"रखमा, पखवाज बडवून अंगात बळ येत असतं तर तू आज वाघ झाला असतास. पण हाईस तर वाळलेलं चिपाड. आज भजनाला रंग चढला तर ठीक. न्हाईतर पुढच्या शनवारपासनं हे अंगण तालमीचं. तुम्ही जा वढ्यापल्याड टाळ कुटत."

पोरं हसली. ओल्या फडक्यात गुंडाळलेला कणकेचा गोळा रखमाजीने देवळाच्या कट्ट्यावर ठेवला आणि ओढ्यावर हातपाय धुवायला गेला.

आता गावची रीत अशी की, शनिवारी पैलवानांसाठी कुणी दूध, कुणी गूळ, कुणी शेंगा आणून त्याच कट्ट्यावर ठेवी. पोरांना वाटलं, हाही कुणा माउलीनं आपल्यासाठीच ठेवला. बैठका मारून पोटात आग पडलेली. त्यांनी गोळा निखाऱ्यावर भाजला, गुळाशी लावला आणि वाटून खाल्ला. मोठा तुकडा अर्थातच वस्तादाला.

रखमाजी परतला तो हाती रिकामं फडकं आलं. वस्ताद मांडीवर थाप मारून हसला. "कणीक व्हय? ती आता आमच्या दंडात गेली."

ठकूबाई घरोघर फिरली. गव्हाचं पीठ कुणाकडेच नव्हतं. ज्वारीचं पीठ मळून थापून पाहिलं, तर ते पोपडा धरून गळून पडलं. अंगण माणसांनी भरून गेलं, समया लागल्या, आणि रखमाजी मुक्या पखवाजाशी डोळे पुसत बसला. आजोबांची सेवा आपल्या हातून बुडणार, याचं दुःख त्याला सोसवेना.

महाराज त्याच्याजवळ येऊन बसले. "रखमा, रडतोस कशाला?"

"महाराज, डावी बाजू घुमतच न्हाई. कसा वाजवू?"

"तू तुझ्या हातांनी वाजव. घुमवायचं काम त्याच्यावर सोड," महाराज म्हणाले, आणि त्यांनी टाळ उचलले.

रखमाजीने डोळे मिटून थाप दिली. आणि काय सांगावं! अंगण भरून टाकील असा नाद उठला. टाळकऱ्यांचे पाय आपोआप हलू लागले. कधी भजनाला न थांबणारी तालमीतली पोरंसुद्धा अंगाची माती न झाडता फेर धरून नाचू लागली. असं भजन गावाने ऐकलं नव्हतं.

वस्तादाला संशय आला. कुणीतरी कणीक आणून दिली असणार! गर्दीतून वाट काढत तो रखमाजीपाशी पोचला आणि त्याचा डावा हात मनगटाला धरून वर उचलला. पुडी कोरडी ठणठणीत होती. पण रखमाजीचा हात हवेत असतानाही नाद थांबला नाही. तो तालात घुमतच होता, आणि पखवाजातून नव्हे, तर गाभाऱ्यातून येत होता.

तो आवाज दुसऱ्या कुणाला कळला नाही, वस्तादाला कळला. उभा जन्म त्याने तो आपल्या अंगातून काढला होता. पैलवान मातीत उतरताना मांडीवर तळहात मारून शड्डू ठोकतो, तोच हा आवाज. अशी मांडी आणि असा तळहात मात्र पंचक्रोशीत कुणाचा नव्हता.

समई उचलून तो गाभाऱ्यात गेला. आत कुणी नव्हतं. मारुतीरायाच्या डाव्या मांडीवरचा शेंदूर उडून काळा दगड उघडा पडला होता, आणि भोवती ताजा शेंदूर शिंपडल्यासारखा पसरला होता. वस्तादाने समई देवापुढे ठेवून हात जोडले.

तो बाहेर आला आणि महाराजांचे पाय धरू लागला. महाराजांनी पाय मागे घेतले. "दौलू, मी नुसते टाळ वाजवले. ज्याच्यासाठी देव बसल्या जागी घामाघूम झाला, त्याच्याकडे जा."

वस्ताद वळला. "रखमा, आम्ही जल्मभर त्याच्याम्होरं शड्डू ठोकला," तो कसाबसा म्हणाला. "त्यानं एकदाच ठोकला. त्यो तुझ्यासाठी."

आणि कुस्तीत ज्याची पाठ कधी मातीला लागली नव्हती, त्या दौलू वस्तादाने रखमाजीच्या काटकुळ्या पायांवर कपाळ टेकलं.