डोहातले ओळखीचे मासे

एका धरणाच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि त्या गावात एक भोई होता. मनानं वाईट नव्हता हो, पण कौतुकाचा भारी भुकेला! कुणी "वा!" म्हटलं की स्वारी चढलीच हरभऱ्याच्या झाडावर.

धरणाच्या दारांखाली एक खोल डोह होता. दरवर्षी गावकरी त्यात बोटाएवढी माशांची पिल्लं सोडत. रीत अशी, की डोहात जाळं टाकायचं नाही. पिल्लं मोठी होऊन खाली नदीत उतरली, की मग ज्यानं त्यानं खुशाल धरावीत.

भोयाच्या म्हाताऱ्या वडिलांची दृष्टी गेली होती. रोज सकाळी ते चाचपडत डोहाकाठी जायचे, पितळी वाटी दगडावर टकटक वाजवायचे आणि मुठीत कणीक घेऊन पाण्यात हात धरायचे. मासे यायचे, बोटांना लुचायचे. म्हातारा खुदकन हसायचा. "आली बघा माझी लेकरं!" बाकीचा दिवस नुसता अंधार, तेवढंच काय ते सुख.

एकदा धरणावर मोठे साहेब आले. भोई फुशारकीत बोलून बसला, "साहेब, दुपारी तुमच्या पानात हाताएवढा रोहू वाढतो की नाही बघा!"

पण धरणाची दारं बंद होती, नदी आटली होती. सकाळभर जाळं टाकून हाती आलं नुसतं शेवाळ.

बायको म्हणाली, "अहो, नाही मिळाला म्हणून सरळ सांगा ना. मी झणझणीत पिठलं करते."

"साहेबांना पिठलं? गप गं! डोहात आहेत की मासे. एक दिवस धरले तर काय होतंय? मासळीला कसली आलीय आठवण!"

वडील घरात पडले होते. त्यांची वाटी उचलून हा डोहावर गेला आणि दगडावर वाजवली. बिचारे मासे ओळखीच्या आवाजाला धावत आले. ह्यानं वरून जाळं फेकलं. दोन मोठे सापडले, बाकीचे जीव घेऊन पळाले.

साहेब जेवले, ढेकर दिली, गाडीत बसले. भोयाचं साधं नावसुद्धा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यानं वाटी वाजवली. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी तो काठावर बसून राखेनं हात घासत होता.

"बाबा, हे काय करताय?"

"माझ्या हाताला कसला तरी वास येत असेल रे. माझंच काहीतरी चुकलं असणार. नाहीतर लेकरं अशी कशाला रुसतील?"

 खरं सांगून टाकावं, असं भोयाच्या मनात आलं. पण उद्या सांगू, असं मनाशी म्हणत तो घरी वळला. असे किती उद्या गेले! त्या हिवाळ्यात म्हाताऱ्यानं अंथरूण धरलं. शेवटच्या दिवशी लेकाचा हात धरून एवढंच म्हणाला, "मासे कधी परत आले, तर माझ्या वतीनं त्यांची माफी माग."

तात्पर्य: दुसऱ्यानं जोडलेला विश्वास आपण मोडला, तर दोष तो स्वतःला देत बसतो, म्हणून चूक कबूल करायला उद्याची वाट पाहू नये.