चेअरमनसाहेबांची पाटी

साखर कारखान्याचे चेअरमन रंगराव यांची नवी गाडी घाट चढताना तिसऱ्यांदा उकळली. घाटातल्या गॅरेजवाल्या यमुनाक्कांवर ते गरजले, "दोन मिस्त्री हरले. तुलाही जमलं नाही, तर हे गॅरेज उद्या उठवतो!"

अक्कांनी इंजिन निवू दिलं. मग पाणी, पट्टा, पंखा तपासला. सगळं ठीक होतं. शेवटी त्यांनी पुढची अख्खी जाळी झाकणारी 'चेअरमन' अशी पितळी पाटी काढून रंगरावांच्या हातात दिली आणि गाडी घाटमाथ्यापर्यंत नेऊन आणली. उष्णतेचा काटा वर चढलाच नाही.

"इंजिनात बिघाड काय होता?" रंगरावांनी विचारलं.

"इंजिन ठणठणीत आहे, साहेब," अक्का हात पुसत म्हणाल्या. "तुमच्या मोठेपणाआड त्याला वारा लागत नव्हता."