घोरपडीची पकड

कुस्ती माणसांच्या हाती लागायच्या आधी ती रानात रंगायची, तेव्हाची ही गोष्ट. पकडीत सापडलेल्यानं माती थोपटली की त्याला सोडायचं आणि कुस्ती पुन्हा उभ्यानं लावायची, हा साऱ्या तालमींचा रिवाज. बाजार जसा शब्दावर चालतो, तसा आखाडा त्या थोपटण्यावर चालायचा. पलीकडच्या तालमीतलं मुंगूस तीन वर्षं असंच घोरपडीच्या पकडीतून सुटलं आणि नंतर जिंकलं.

चौथ्या वर्षी घोरपडीचे गुरू, अस्वल वस्ताद, तिच्या कानाशी लागले. "यंदा थोपटू दे त्याला. सोडायचं नाही."

"पण वस्ताद, रिवाज आहे."

"रिवाज काय डोक्याला बांधून मिरवणार आहेस? जिंकून फेटा आण!"

कुस्ती लागली. घोरपडीनं मुंगसाची कंबर आवळली. त्यानं माती थोपटली आणि आता सुटणारच म्हणून अंग सैल सोडलं.

"सोड की गं," ते हसत म्हणालं.

तिनं आणखी आवळलं. कणा मोडल्याचा आवाज शेवटच्या रांगेतल्या हरणांनाही ऐकू गेला.

मुंगसाला चौघांनी उचलून नेलं. ते पुन्हा कधी उभं राहिलं नाही. फेटा घोरपडीला मिळाला, पण टाळी कुणी वाजवली नाही.

दुसऱ्या दिवशी ती सरावाला मातीत उतरली. बाकीचे काठावरच बसून राहिले.

"उतरा रे कुणीतरी!" वस्ताद ओरडले.

"आज तुम्हीच धरा तिला, वस्ताद," ससा म्हणाला.

वस्तादांनी घोरपडीच्या पंजांकडं पाहिलं. मग कंबर दुखतेय म्हणत ते तालमीबाहेर पडले. दिवस मावळेपर्यंत घोरपड त्यांची वाट बघत उभी होती.