सातच्या पाढ्याचा धागा

एका राज्यात धान्य मोजताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नसे. 'लाभ' म्हणत. लाभ, दोन, तीन, चार, असे माप पुढे चाले, आणि लाभाची पायली खळ्याकडेच्या पाखरांपुढे ओतली जाई.

त्या राज्याचा राजा अरिंजय. एका सुगीला तो म्हणाला, "पाखरांनी नांगर धरला होता काय? पहिली पायलीही कोठारात जाईल." आणि स्वतःच्या हातांनी पायली भरून त्याने मोजले, "एक!"

त्याच क्षणी पाखरांची राखण करणारी जादूगारीण शकुंतिका खळ्यात उभी राहिली.

"राजा, ज्या हातांनी लाभ रोखला ते दगडाचे होतील. दगड काळजापर्यंत चढेल. लाभाची पायली पुन्हा ओतली जाईल तेव्हाच तो उतरेल."

एवढे बोलून पायली घेऊन ती नाहीशी झाली. राजाची बोटे दगडाची झाली.

राजकन्या मयूखा वडिलांना घास भरवू लागली. ती अबोल होती. दरबाराने तिचा आवाज क्वचितच ऐकला होता. दगड मनगटावर चढला तेव्हा ती हळूच म्हणाली, "मी पायली आणते."

"काय म्हणालीस, बाळ?" राजाने विचारले.

खिडकीत एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "मोठ्याने बोल गं! शकुंतिकेच्या वाटेवर पुटपुटून भागत नाही. चल, मी वाट दाखवते. पाढे येतात ना, की तेही दासी म्हणते?"

"येतात," मयूखा म्हणाली. या वेळी राजालाही ऐकू गेले.

पहिली आडवी आली नदी. तिच्यात आकडे कोरलेले दगड होते. साळुंकी म्हणाली, "एक सोडायचा, एक धरायचा." मयूखा "बे एके बे, बे दुणे चार" म्हणत गेली आणि पाढ्यातला प्रत्येक दगड तिच्या पावलाखाली तरंगला. सोडलेले दगड तळाशी गेले.

मग आकडे कोरलेल्या घंटांची गुहा. पाचच्या पाढ्यातल्या घंटाच वाजवायच्या होत्या. दुसरी वाजली तर दारातला अजगर जागा झाला असता. पाच, दहा, पंधरा, वीस. शेवटी पाच असलेली घंटा जाड आवाजाची, शेवटी शून्य असलेली बारीक. दोन बहिणी आळीपाळीने बोलत होत्या जणू. अजगर झोपूनच राहिला.

शेवटी शकुंतिकेचे अंगण आले. तिथे गोलाकार दहा खांब होते, शून्यापासून नऊपर्यंत. शकुंतिकेने सोन्याचा धागा दिला.

"सातचा पाढा म्हण. उत्तराचा शेवटचा अंक ज्या खांबावर, त्याला वेढा दे."

सात एके सात. साती दुणे चौदा, म्हणजे चारचा खांब. सात त्रिक एकवीस, म्हणजे एकचा. धागा अंगण ओलांडून इकडून तिकडे धावू लागला. साती दाहे सत्तर म्हणून तिने शून्याला वेढा दिला. एकही खांब सुटला नव्हता, एकही दोनदा आला नव्हता. अंगणात दहा टोकांची चांदणी उमटली आणि तिच्या मधोमध पायली प्रकटली.

"आता शेवटाकडून धागा सोडव," शकुंतिका म्हणाली, "पाढा म्हणत. चुकलीस तर इथे अकरावा खांब उभा राहील."

"कोणता पाढा?"

"ते मी का सांगू?"

मयूखा धाग्याच्या शेवटाशी गेली. तिने शून्यावरचा वेढा काढला. पुढचा धागा तिने आधी नजरेनेच धरला: तो तीनकडे गेला. मग सहाकडे, मग नऊकडे. मग दोनकडे. दोन? ती थबकली. मयूखा धाग्याकडे पाहत राहिली.

"बाराचा दोन!" ती ओरडली. "तीन एके तीन! तीन दुणे सहा! तीन त्रिक नऊ! तीन चोक बारा!"

तिचा आवाज डोंगरावर आपटून परत आला. पंधराचा पाच, अठराचा आठ, एकवीसचा एक, चोवीसचा चार, सत्तावीसचा सात. धागा सुटून तिच्या ओंजळीत आला.

"तीन आणि सात मिळून दहा," शकुंतिका म्हणाली. "म्हणून सात म्हणत जिथून गेलीस, तिथूनच तीन म्हणत परतलीस. घे पायली."

मयूखा वाकली. "मी आपली आभारी आहे."

"माझी? शाप तर मीच दिला."

"उतारा ठेवून दिलात. आणि वाट दाखवायला साळुंकीला पाठवलंत."

"पाठवलं कुणी? मी आपली आले," साळुंकी म्हणाली. शकुंतिका पहिल्यांदा हसली, आणि तिने दोघींना फुंकरीसरशी राजवाड्यात पोचवले.

दगड राजाच्या छातीला टेकला होता. त्याला पालखीतून खळ्यावर आणले. मयूखाने पायली काठोकाठ भरली.

"बाबा, मोजा."

राजाचे डोळे भरून आले. "लाभ," तो म्हणाला.

तिने पायली पाखरांपुढे ओतली. साळुंकीने पहिला दाणा टिपला आणि राजाच्या छातीवरचा दगड सरकला. थव्याने दाणे टिपले, तसा दगड खांद्यावरून, कोपरावरून, मनगटावरून उतरत गेला. हात मोकळे होताच राजाने ते पाखरांना जोडले. मग लेकीला जवळ घेतले.

खळ्यावर पुन्हा माप सुरू झाले. पायली राजा भरत होता. मोजत होती मयूखा, आणि तिचा आवाज वेशीपर्यंत ऐकू जात होता.