मुक्याईचा उंबर

मुक्याईच्या उंबराखाली बोलायचं नाही, आणि का नाही हे विचारायचंही नाही. कुसरवाडीतल्या प्रत्येक मुलीला हा नियम लहानपणीच सांगतात. झऱ्याकाठचा हा उंबर फार जुना आहे. त्याच्या खालच्या फांदीला लुगड्याच्या चिंध्या बांधलेल्या दिसतात. ज्या बाईला 'तो त्रास' असतो तिने चिंधी बांधायची, साल न्यायची, उकळून गाळायची आणि त्या कोमट पाण्याने धुवायचं. सगळं मुक्याने.

परवा माझ्या फार्मसी कॉलेजच्या मैत्रिणी झाड पाहायला आल्या. पुरुषांना हा नियम नाही; झाडाच्या पारावरून गावचे भिकाजीआप्पा गोष्ट सांगू लागले.

फार पूर्वी या वाडीत सगुणा नावाची सून होती म्हणे. तिच्या अंगावरून दह्यासारखं पांढरं जायचं. आग आणि खाज इतकी, की बसवत नसे. सासूने तिला आधी चुलीपासून दूर केलं, मग घरापासून. ती झऱ्यावर येऊन राहिली. उंबराच्या सालीच्या खपल्या पडून तिथलं डबकं तांबूस झालं होतं. त्याच पाण्याने ती धूत असे. महिन्याभरात आग निवली. मग ती साल उकळून पाहू लागली. कधी कोवळी, कधी जून, कधी पाणी जास्त, आधी स्वतःवर. सात पावसाळे तिने हेच केलं, असं सांगतात. पाण्याचं निमित्त करून बाया तिच्याकडे येऊ लागल्या.

गावातल्या बाया चोरून तिच्याकडे जातात, असा गावाला संशय आला. पंचांनी तिला याच झाडाखाली उभं केलं. "कोण कोण येतं? नावं सांग." सगुणाने ओंजळभर पाणी खोडावर सोडलं आणि तोंड मिटलं, ते मरेपर्यंत. तिचीच पुढे मुक्याई झाली.

"म्हणून या आजाराचं नाव इथं काढायचं नाही," आप्पा म्हणाले. "देवीचा शब्द आहे."

मुलींनी वह्या मिटल्या. घोळक्यामागे आमची सरूवहिनी काठी टेकून उभी होती. तिने दोन वर्षं चिंध्या बांधल्या. बरं वाटायचं, पुन्हा उलटायचं. तिने सांगितलं नाही, कोणी विचारलं नाही. मी तिला तालुक्याला नेलं तेव्हा कळलं, रक्तातली साखर वाढलेली होती, म्हणून बुरशी परत परत येत होती. तोवर पायाची दोन बोटं गेली होती.

"आप्पा, देवीने बायांची नावं लपवली. आजाराचं नाव कधी लपवलं?"

"वृंदे, पोरीबाळींसमोर काय बोलतेस? गप्प बस!"

"पोरीबाळींनाच होतो तो, आप्पा."

कोणीतरी खुदकन हसलं.

"नाही बसणार गप्प," मी म्हणाले. "लिहा गं. योनीमार्गातला बुरशीचा संसर्ग. या सालीच्या काढ्याने आमच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत बुरशीची वाढ मंदावली. बाईच्या अंगात काय होतं, ते अजून तपासायचंय. त्यासाठी बायांना बोलावं लागेल. नाव मी एकीचंही सांगणार नाही."

"माझं सांग," सरूवहिनी मागून म्हणाली. "पहिलं माझंच लिही."

आजही उंबराला चिंध्या बांधतात, आजही त्याच्याखाली मुकेपणा पाळतात. त्या दुपारी तो आप्पांनी पाळला, आणि पारावरच्या बाकी म्हाताऱ्यांनीही.