पाण्यात बुडवलेलं भजं

एकदा एक शिष्य होता आणि त्याला आपल्या जिभेचा फार अभिमान होता. तिला कशाचीच चव लागत नाही, हाच तो अभिमान. नदीकाठच्या एका लहानशा मठात तो आपल्या वृद्ध गुरूंजवळ राहत असे. बुद्धी तल्लख, वाणी स्वच्छ, पहाटेच्या स्नानात कधी खंड नाही. पण गावात त्याचं नाव झालं होतं ते वेगळ्याच कारणानं.

त्या मठाची एक जुनी रीत होती. सकाळी झोळी घेऊन गावात माधुकरी मागायची, दारोदारी मिळेल ते अन्न त्या झोळीत घ्यायचं आणि खाण्यापूर्वी ती नदीत बुडवून काढायची. भाकरी, भात, उसळ, एखाद्या घरची सणाची पोळी, सगळ्याचा मिळून एक बेचव गोळा होई. तो मुकाट्यानं खाऊन उठायचं. जिभेचे लाड सुटावेत, हा त्यामागचा हेतू. शिष्य ही रीत अगदी काटेकोर पाळत असे. गंमत एवढीच, की झोळी बुडवायला त्याला नेमका गावचा घाट लागे आणि वेळही नेमकी बायका पाण्याला येण्याची लागे. "बघ गं, कसा विरक्त जीव!" असं कुणीतरी कुजबुजे. त्या क्षणी शिष्याचे डोळे मिटलेले असत, कान मात्र चांगले उघडे असत.

गुरूंचं सगळं याच्या उलट. त्यांना झोळी बुडवताना शिष्यानं कधी पाहिलंच नव्हतं. जे पुढ्यात येईल ते ते चवीनं खात, "वा!" म्हणत आणि कुणाच्या घरी आमटी चांगली झाली असेल तर दुसऱ्या दिवशी त्या दारी आवर्जून सांगत. तेवढ्यावर भागलं असतं तरी शिष्यानं सोसलं असतं. पण बाजारच्या दिवशी गुरू काठी टेकत नावेच्या उताराशी जात आणि तिथं कडुनिंबाखाली सारजाबाईच्या पालात गोणपाटावर बसून भजी खात. तीही कांद्याची! वर तळलेली मिरची, डोळ्यांतून पाणी, आणि शेवटी कढईतला चुरा मागून घ्यायचा. "सारजे, तळाचा चुरा टाकू नकोस हो, तो माझा," असं ते भरबाजारात म्हणत. मग गुळाचा चहा, तोही फुर्र करून. आईबापांच्या गावंढळ वागण्यानं शिकलेलं पोर जसं चोरट्यासारखं होतं, तसं शिष्याचं होई. तो नजर खाली घालून पालावरून भराभरा पुढे निघून जाई.

अशात पलीकडच्या गावच्या एका व्यापाऱ्याचा निरोप आला. नावेच्या उताराशी वाटसरूंसाठी एक अन्नछत्र बांधून द्यावं, मठानं ते चालवावं, अशी त्याची इच्छा होती. पंगतीत वाढणारी पळी कोणाच्या हाती द्यायची ते गुरूंनी ठरवायचं होतं. ते विचारायला तो स्वतः येणार होता.

ती पळी आपल्याच हाती यावी, असं शिष्याला मनापासून वाटत होतं. इतकं, की जपाला बसला तरी त्याला पंगती दिसत. दूरदूरचे लोक आपलं व्रत पाहून हात जोडताहेत, असंही दिसे. एकच भीती होती. व्यापारी यायचा होता तो बाजारचा दिवस होता.

"आज तेवढं बाजारात जाऊ नका," त्यानं सकाळीच गुरूंना विनवलं.

"का रे? बाजारच्या दिवशी सारजाचं तेल ताजं असतं."

"मोठा माणूस येतोय. काय म्हणेल?"

"तो यायच्या आत परत येतो की," गुरू म्हणाले आणि काठी घेऊन निघाले.

वारा अनुकूल होता, नाव वेळेआधीच लागली. शिष्य व्यापाऱ्याला उतरवून घ्यायला गेला. मठाकडे जायची वाट पालावरूनच जाते, त्याला काय करणार? तो मोठमोठ्यानं मठाचा इतिहास सांगू लागला. पण पहाटे घर सोडलेल्या माणसाच्या नाकाला इतिहास कुठला कळायला? व्यापारी थांबला, त्यानं एक दीर्घ श्वास घेतला.

"महाराज, काय वास सुटलाय हो! पोटात सकाळपासून काही नाही. दोन भजी खाऊन पुढे जाऊ या का?" आणि मग गोणपाटाकडे पाहत तो कौतुकानं म्हणाला, "ते म्हातारबुवा कोण? काय चवीनं खाताहेत बघा!"

गुरूंच्या बोटांना तेल लागलं होतं, दाढीत चुरा अडकला होता. शिष्याचे कान तापले.

"असेल कोणी बाजारकरी," तो म्हणाला.

गुरू हाताच्या अंतरावर होते. तोंडाकडे निघालेलं त्यांचं भजं क्षणभर थबकलं आणि मग आपल्या वाटेनं गेलं.

एवढ्यात सारजाबाईचं लक्ष गेलं. तिचा चेहरा उजळला. "आगं बया, धाकले महाराज! या की, आज तरी थांबा. तुमी कांदा खात न्हाई म्हणून दर बाजाराला ओव्याच्या पानाचं भजं काढते तुमच्यासाठी. तुमी आपले बघतच न्हाई, तसंच जाता. मग ते गार हुतं." असं म्हणत तिनं कढईतून झारा वर काढला, एक टपोरं भजं निथळवलं, पळसाच्या पानावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं.

नाही म्हणावं तर व्यापाऱ्यासमोर शोभेना आणि खावं तर व्रताचं काय? शिष्यानं शेजारचा पाण्याचा तांब्या उचलला, भजं त्यात बुडवलं आणि धरून ठेवलं. कुरकुरीत पीठ मऊ पडलं, सुटलं, पाण्यावर तेलाचा तवंग आला.

"अन्न हे देहापुरतं," तो धीरगंभीर आवाजात व्यापाऱ्याला म्हणाला. "जिभेला चवीची सवय लागू नये, म्हणून."

नावेची वाट पाहत खाणाऱ्या माणसांनी आपापले द्रोण मांडीआड सरकवले. एकाच्या तोंडात अर्धा घास होता, तो चावायचाच थांबला. व्यापाऱ्याचा हात द्रोणाकडे गेलेला होता, तो त्यानं मागे घेतला आणि उपरण्याला पुसला. सारजाबाई झारा हातात धरून उभी होती. तिनं आधी शिष्याच्या हाताकडे पाहिलं, मग कढईत वाकून पाहिलं, काही पडलंबिडलं आहे की काय म्हणून.

"कायी चुकलं का, म्हाराज? मीठ ज्यास्त झालं व्हय?" तिनं हळू विचारलं.

"तसं नाही, बाई. व्रत आहे."

"आसं," ती म्हणाली आणि पदरानं उगीचच स्वच्छ परात पुसू लागली.

तेव्हा गुरू उठले. काही न बोलता ते शिष्याजवळ आले, त्याच्या हातातलं ते भिजून गळणारं भजं त्यांनी काढून घेतलं आणि सगळ्यांदेखत तोंडात टाकलं. सावकाश, डोळे मिटून चावलं. मनगटावरून ओघळलेलं पाणीसुद्धा त्यांनी चाटलं. शिष्याला वाटलं, म्हातारपणानं यांचं काहीतरी बिनसलं आहे.

"सारजे, पान परसातलं का गं?"

"व्हय, बाबा. सकाळीच खुडलंय."

"पाण्यात बुडालं तरी ओवा बोलतो बघ. आता आणखी एक दे. कोरडं दे."

कुणीतरी फस्सकन हसलं आणि त्या हसण्याबरोबर मांडीआडचे द्रोण पुन्हा बाहेर आले.

व्यापारी मात्र हसला नाही. "बाबा?" त्यानं सारजाबाईला विचारलं. "कुठले बाबा?"

"कुठले म्हंजी? मठातले मोठे बाबा न्हवं का हे! ह्यांचेच तर गुरू."

व्यापाऱ्यानं शिष्याकडे नुसतं पाहिलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं शिष्याला झालं. पण धरणीनं असं मागितल्याबरोबर कुणाला कधी घेतलं आहे? तवंग आलेला तांब्या हातात धरून तो तसाच उभा राहिला. गुरूंनी व्यापाऱ्याला गोणपाटावर शेजारी बसवून घेतलं, त्याला पोटभर खाऊ घातलं, मिरची सोसेना तेव्हा चहा पाजला. अन्नछत्राचं बोलणं तिथंच झालं. "पळी कोणाच्या हाती द्यायची?" असं व्यापाऱ्यानं उठताना विचारलं, तेव्हा गुरू म्हणाले, "पुढच्या बाजारी नावाड्याजवळ निरोप धाडतो."

मठात परतल्यावर शिष्यानं त्यांचे पाय धरले. त्याला रडू आवरेना.

"मी आपल्याला ओळख दिली नाही. आपण ऐकलंत. बाजारकरी म्हणालो मी आपल्याला!"

"मग खोटं काय बोललास?" गुरू म्हणाले. "बाजारात बसलेला म्हातारा, तो बाजारकरीच. त्याचं मला काही लागलेलं नाही. ऊठ."

"मग आपण ते भिजलेलं भजं का खाल्लंत? मला लाजवायला?"

गुरूंनी त्याला उठवून जवळ बसवलं.

"तुला लाज वाटावी म्हणून नाही रे. तिची लाज थोडी कमी व्हावी म्हणून. तू पाहिलंस का, ती कढईत वाकून काय शोधत होती? आपला दोष शोधत होती बिचारी. झोळी बुडवायची रीत मीही पाळली आहे, तुझ्या वयाचा असताना, पुष्कळ वर्षं. पण आम्ही गाव मागे टाकून, झाडाआड जाऊन बुडवत असू. ज्या हातानं ते रांधलं त्या हाताला ते दिसू नये, एवढी त्या रीतीतली मुख्य गोष्ट होती. ती तुला सांगायची राहिली, ही माझी चूक. तू कुठं बुडवतोस हे मी आजवर कधी विचारलं नाही. आज तांब्या उचललास तेव्हा कळलं, की याला बघणारे लोक लागतात."

शिष्यानं मान वर केली नाही.

"आपण मागून खाणारी माणसं," गुरू पुढे म्हणाले. "देणाऱ्याला परत द्यायला आपल्यापाशी काय असतं? घासाला एक 'वा' आणि जमलं तर 'आणखी एक'. तेवढंही तू पाण्यात बुडवलंस. पळी तुझ्या हाती द्यावी, असं माझ्या मनात होतं. पण मला एक सांग. कुणाच्या हातचं खाऊन तू कधी 'आणखी' म्हणाला आहेस?"

शिष्याला आठवेना. घरी आई आग्रह करी तेव्हाही तो ताटावर हात आडवा धरत असे, तेवढं आठवलं.

"मग तुझ्या पंगतीत कुणी भुकेल्यानं आणखी मागितलं, की तुला तो हावरट दिसेल. तू वाढशील, पण त्याला मान खाली घालून जेवावं लागेल. आज जेवत होती ना माणसं, तशी."

त्यानंतरचे दिवस शिष्यानं कसे काढले ते त्याचं त्याला माहीत. माधुकरीच्या दारी उभं राहिलं की त्याला वाटे, या घरच्या माउलीनंही घाटावर पाहिलं असेल. हिची पोळीही आपण हिच्यादेखत पाण्यात घातली असेल. तो झोळी पुढे करी, पण वर पाहण्याचा धीर त्याला होत नसे.

बाजारचा दिवस आला तेव्हा तो एकटाच उताराशी गेला आणि पालात गोणपाटाच्या कडेला बसला. क्षमेचे चार सुंदर शब्द त्यानं वाटेत जुळवून ठेवले होते. सारजाबाई त्याला पाहून गडबडली. तिनं घाईघाईनं ओव्याचं पान पिठात घोळवलं, तळलं, पळसाच्या पानावर ठेवलं. मग आत वळली, एक घासूनपुसून लख्ख केलेलं भांडं पाण्यानं काठोकाठ भरून आणलं आणि भज्याशेजारी अदबीनं ठेवलं.

"घ्या, म्हाराज. बुडवायला. त्या दिशी तांब्या उष्टा हुता जरा."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. नवं भांडं तिनं मुद्दाम त्याच्यासाठी आणून ठेवलं होतं.

शिष्याचे जुळवलेले शब्द कुठच्या कुठे गेले. त्यानं ते भांडं उचललं, कडुनिंबाच्या बुंध्याशी रिकामं केलं आणि परत पालथं ठेवलं. मग भजं तोंडात घातलं. ते पोळत होतं, कुरकुरत होतं, ओव्याचा वास थेट नाकात जात होता. चव लागत नाही म्हणणाऱ्या त्या जिभेनं इतक्या वर्षांनी मुकाट्यानं कबुली दिली.

"सारजाबाई," तो कसाबसा म्हणाला, "आणखी एक."

तिनं एकदा पालथ्या भांड्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या तोंडाकडे. मग पदर खोचून ती कढईकडे वळली. "एक कशापायी? घाणाच काढते की!"

कडुनिंबापलीकडे काठी टेकून गुरू उभे होते. ते पालात आले नाहीत. उतारावर जाऊन त्यांनी नावाड्याला व्यापाऱ्यासाठी निरोप सांगितला आणि मठाकडे परतले.

पुढे अन्नछत्र चांगलं चाललं. तिथं 'आणखी' म्हणायला कुणाला संकोच वाटत नाही, अशी त्याची ख्याती झाली. पंगत बसली की पळी धरणारा तो शिष्य आधी प्रत्येक पानाशेजारी पाण्याचा पेला ठेवत जाई, आणि तो पेला ठेवताना दर वेळी त्याची मान आपोआप खाली जाई. लोक म्हणत, केवढा नम्र माणूस! तो ते ऐके आणि पुढच्या पानाकडे सरके.