तिन्हीसांजेचं विरजण

एका राज्यात दूध विरजत नसे.

बाकी त्या राज्यात कशाची कमी नव्हती. गोठे भरलेले, गाई दुधाळ, चरव्या फेसाने ओथंबलेल्या. पण रात्री दूध विरजायला ठेवावं आणि सकाळी बघावं, तर दूध ते दूधच. दोन दिवस ठेवलं तर नासे, पण विरजत नसे. दही नाही म्हणून ताक नाही, ताक नाही म्हणून लोणी नाही, लोणी नाही म्हणून तूप नाही. देवापुढे तेलाची निरांजनं लागत. लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याच्या वाट्या रिकाम्याच मांडत, रीत मोडू नये म्हणून. राजा धवलसेनाने दवंडी पिटवली होती, की जो कोणी या राज्यात दही लावून दाखवील त्याला अर्धं राज्य देऊ. राजांना अर्धं राज्य देण्याची भारी हौस असते. व्यापाऱ्यांनी परमुलखातून दही विकत आणलं, वेशीच्या आत येताच त्याचं पाणी झालं. शिपायांनी शेजारच्या गावांतून हिसकावून आणलं, त्याचंही पाणी झालं. अशी चाळीस वर्षं गेली.

हा शाप होता, आणि तो कसा लागला हे सगळ्यांना माहीत होतं. थोरल्या महाराजांच्या काळी एक गाव पुरात बुडालं आणि तिथली माणसं आसरा मागत नगराच्या दरवाजाशी आली. महाराज म्हणाले, "आधी तुमची भांडीकुंडी ठेव म्हणून द्या, मग आत या." लोकांनी तांब्या-पितळेचे हंडे, कळश्या, तपेली, आपापली नावं कोरलेली, दरवाजातून आत दिली. भांडी आत गेली आणि दरवाजा बंद झाला. तेव्हा त्या माणसांतली एक म्हातारी पुढे झाली. तिने वाळूची मूठ दरवाजावर फेकली आणि शाप दिला. शापाला उतारा असतोच. तोही तिने सांगितला, पण हलक्या आवाजात. ऐकला तो फक्त दरवाजाच्या रखवालदाराने.

त्या दरवाजाच्या दोन अंगांना दोन दगडी सिंह होते. किल्ली उजवीकडे फिरवली की दरवाजा उघडे. डावीकडे फिरवली की सिंह जागे होत आणि बाहेरच्यांना डोंगरापार पिटाळून येत. त्या संध्याकाळी महाराजांच्या हुकमाने रखवालदाराने किल्ली डावीकडे फिरवली. त्याच क्षणी त्याची वाचा गेली. लिहून दाखवावं तर बिचाऱ्याला अक्षरओळख नव्हती. उतारा त्याच्या पोटातच राहिला.

त्या रखवालदाराची मुलगी ठकूबाई. तेव्हा सात वर्षांची होती, आता सत्तेचाळिशीची. किल्ली आता तिच्या कमरेला असे. तिचे वडील, आबा, ओट्यावर दरवाजाकडे तोंड करून दिवसभर बसत. पुढ्यात ठेवलं तर खात, पण कधी अधिक मागत नसत. खुणेनेसुद्धा नाही. ठकूबाईला त्याचंच फार लागे.

एके सकाळी तिने झरोक्यातून पाहिलं, तो नदीच्या वाळूत माणसंच माणसं. दोनशेच्या वर असतील. कडेवर पोरं, डोक्यावर गाठोडी. ती मोठ्या दरवाजातल्या दिंडीतून बाहेर गेली. एक सुरकुतलेली, ताठ पाठीची बाई पुढे आली.

"मी लाडाई. आम्ही कुसुमपट्टणची माणसं. अग्निजिव्ह मांत्रिकाने आमच्या गावावर फुंकर घातली. तीन दिवस गाव जळलं. आता घरं नाहीत. आत येऊ द्या."

ठकूबाईने जाऊन वर्दी दिली. राजा धवलसेन वाईट नव्हता. पण दरवाजाशी तो कधी आला नव्हता, सगळा कारभार प्रधानजींच्या तोंडून ऐके. प्रधानजींनी पोथी उघडली.

"परक्यांनी तीन दिवसांत तीन गोष्टी सिद्ध कराव्यात. नाहीतर तिसऱ्या दिवशी सूर्य बुडताना सिंह सोडावेत. पहिली गोष्ट, आपल्या गावची मूठभर माती आणावी. म्हणजे कुठले ते कळेल."

ठकूबाईने निरोप सांगितला तेव्हा माणसं एकमेकांकडे पाहू लागली. गावची माती आता राख झाली होती, आणि राख वाटेत वाऱ्याने नेली होती. लाडाई मात्र खाली बसली. तिने आपल्या टाचेच्या भेगेतून काडीने चिमूटभर माती उकरली आणि पदरात घेतली. मग शेजारणीच्या टाचेतून. मग सगळ्यांच्या. दोनशे माणसांच्या भेगांतून संध्याकाळपर्यंत मूठ भरली.

दरबारात एक बोलकं तबक होतं. त्यात माती ठेवली की ती कुठली ते सांगे. ठकूबाईने मूठ तबकात उलटी केली. तबक म्हणालं, "कुसुमपट्टण. वरची आळी, खालची आळी, कुंभारवाडा. वाटेतली धूळही थोडी आहे."

"वाटेतली धूळ कशाला?" प्रधानजी म्हणाले.

"चालत आलेत," तबक म्हणालं.

दुसऱ्या दिवशी प्रधानजींनी दुसरी गोष्ट मागितली. गाव जळताना पाहिलेला साक्षीदार हवा, आणि तो त्या गावच्या माणसांपैकी नसावा.

लाडाईच्या गाठोड्यावर एक साळुंकी बसली होती. ती उडत दरबारात आली, सिंहासनासमोर उतरली आणि बोलू लागली.

"मी साळुंकी. माझं घरटं लाडाईच्या वळचणीला होतं. आधी छप्पर पेटलं, मग वळचण. घरट्यात तीन अंडी होती."



कारकुनाने लेखणी दौतीत बुडवली. "अंड्यांना काही पुरावा?"

साळुंकीने मान तिरकी करून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. राजा म्हणाला, "पुरे. साक्ष झाली." कारकून खाली मान घालून लिहीत राहिला, काय लिहिलं ते कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रधानजींनी शेवटची गोष्ट सांगितली. "या राज्यात नाही असं काहीतरी त्यांनी द्यावं. आमच्या काय उपयोगाचे ते कळू दे."

ठकूबाई चिडून बाहेर पडली. जळलेल्या गावातून आलेली माणसं देणार काय? तिने लाडाईला निरोप सांगितला खरा, पण मान वर करून नाही. लाडाई तेव्हा एका मडक्याला गुंडाळलेलं ओलं फडकं सोडत होती. फडकं सुटलं आणि एक आंबूस वास आला. ठकूबाईचे पाय जागीच थांबले. सात वर्षांची असताना आई तिला चुलीपाशी बसवून ताक करी, तेव्हाचा तो वास होता. चाळीस वर्षांत नाकाला शिवला नव्हता.

"बाई, हे काय?"

"विरजण. घरातून एवढंच उचललं. वाटेत रोज कुणाकडे तरी पळीभर दूध मागायचं, त्यात थोडं जुनं मिसळायचं. दीड महिना जिवंत ठेवलंय."

ठकूबाई आल्या पावली राजवाड्याकडे धावली. बातमी ऐकून राजा सिंहासनावरून उठलाच. "मी स्वतः जाणार!" म्हणाला. पण राजे लोक निघायचे म्हणजे काय सोपं असतं? पालखी पुसायची होती. विरजण सोन्याच्या वाटीत घ्यावं की चांदीच्या, यावर राजवैद्य आणि खानसामा यांचं दुपारभर वाजलं. पालखी दिंडीतून बाहेर आली तेव्हा सूर्य टेकडीला टेकला होता.

वाळूत लाडाईने दोन दगडांच्या आडोशाला पणती लावली होती आणि नगराकडे तोंड करून हात जोडले होते.

राजाने चांदीची वाटी पुढे केली. "आजी, विरजण द्या. दिलंत की दरवाजा उघडतो."

लाडाईने पणतीकडे पाहिलं. "महाराज, दिवेलागण झाली. तिन्हीसांजेला विरजण देत नसतात. उद्या सकाळी या."

प्रधानजी कडाडले. "उद्या सकाळी तुम्ही इथे नसाल!"

"मग सकाळी मी कुणाला देऊ?" लाडाईने विचारलं. तिच्या बोलण्यात अडवणूक नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं.

"शिपाई! मडकं उचला."

"थांबा," ठकूबाई म्हणाली. प्रधानजींवर ती आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवत होती. "विकत आणलं त्याचं पाणी झालं. हिसकावून आणलं त्याचंही पाणी झालं. महाराज, शेजारणीकडे मागतात तसं आपण कधी मागितलं नाही. आणि ही बाई म्हणते ते खरं आहे. माझी आईही दिवा लागल्यावर विरजण देत नसे. चाळीस वर्षांत आपण रीतसुद्धा विसरलो."

टेकडीवर सूर्याची कोरच उरली होती. दगडी सिंहांच्या पापण्या हलल्या.

"ठकूबाई," राजा खाली पाहत म्हणाला, "पोथीत आहे ते करावं लागेल. किल्ली डावीकडे."

तिने कमरेची किल्ली काढली. ओट्यावर आबा उभे राहिलेले तिला दिंडीतून दिसले. चाळीस वर्षांपूर्वी या वाळूत कोण कोण उभं होतं, ते ठकूबाईने झरोक्यातून पाहिलं होतं. तिच्याच वयाची एक मुलगी होती, हातात कापडाची बाहुली. सिंह आले तेव्हा बाहुली वाळूत पडली. त्या मुलीचं नाव तिला कधी कळलं नाही, पण ती तिला विसरताही आली नाही.

"महाराज, माझ्या बापाने हुकूम पाळला. तेव्हापासून त्याच्या तोंडून शब्द नाही. मी नाही फिरवणार." तिने किल्ली राजाच्या हातात ठेवली. "तुम्ही फिरवा. ज्या बाजूला हवी त्या बाजूला."

किल्ली जड होती. राजाला ती इतकी जड असेल असं वाटलं नव्हतं. त्याने वाळूकडे पाहिलं. माणसं ओरडत नव्हती की पळत नव्हती, एकमेकांच्या जवळ सरकत होती. आया पोरांना मधे घेत होत्या. पोथीत हे काही लिहिलेलं नव्हतं.

"आजी," त्याने विचारलं, "मी दरवाजा उघडला आणि सकाळी तुम्ही विरजण दिलंच नाहीत, तर?"

लाडाईने थोडा विचार केला. "तर तुमचं दूध आज आहे तसंच राहील, महाराज. आमची लेकरं मात्र आत असतील."

राजाने पोथी मिटायला सांगितली. चांदीची वाटी पालखीत टाकली आणि किल्ली कुलपात घातली. त्याला ती फिरवता येईना, कधी फिरवलीच नव्हती. तेव्हा ठकूबाईने त्याच्या हातावर हात ठेवला आणि दोघांनी मिळून किल्ली उजवीकडे फिरवली. दरवाजा पूर्ण उघडला. सिंहांनी जांभया दिल्या, पंजांवर माना टेकल्या आणि पुन्हा दगड झाले. ते अजून तसेच आहेत.

त्या रात्री घराघरांत दोन-दोन, चार-चार माणसं विभागून गेली. लाडाई आणि साळुंकी ठकूबाईकडे आल्या. सकाळी उन्हं अंगणात आल्यावर ठकूबाई वाटी घेऊन आपल्याच घराच्या पडवीत गेली, जिथे लाडाईने रात्री पथारी टाकली होती.

"लाडाई, चमचाभर विरजण असेल तर द्या हो."

"घे ना बाई. त्यात मागायचं काय?"

विरजणाचं पाणी झालं नाही. वाटीत पांढरं, घट्ट तसंच राहिलं. मग ठकूबाईकडून शेजारणीने नेलं, तिच्याकडून पुढच्या घरी गेलं. दुपारी राजा धवलसेनही स्वतः वाटी घेऊन पडवीत आला. आपली पाळी येईपर्यंत थांबला, आणि अर्ध्या राज्याचं नाव काढलं नाही. लाडाईनेही काढलं नाही. तिला पडवी पुरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी नगरात दही लागलेलं होतं. बायका झाकणं उघडून पाहत आणि पुन्हा झाकत, मग पुन्हा उघडत. म्हाताऱ्या माणसांना रडू येत होतं. लहान मुलांनी तोंडं वाकडी केली, कारण त्यांना आंबट म्हणजे चिंचच ठाऊक होती. प्रधानजींनी चार वाट्या खाल्ल्या आणि पोथीतलं ते पान स्वतःच्या हाताने फाडलं.

खजिन्यातली ती जुनी भांडी राजाने बाहेर काढवली आणि घासूनपुसून दरवाजाशी मांडली, नावं वर दिसतील अशी. त्यांत रोज ताक भरून ठेवत. येणाऱ्याने आधी ताक प्यावं, मग कुठून आलो ते सांगावं, असा नवा नियम झाला. कधीतरी कुणी येईल आणि एखाद्या हंड्यावर आपल्या आईचं नाव वाचील, या आशेने ती भांडी तिथून कुणी हलवत नाही.

पण हे सगळं नंतरचं. दही लागलं त्या सकाळी ठकूबाईने आधी आबांसाठी दहीभात कालवला, वर मीठ घातलं आणि ओट्यावर नेला. आबांनी पहिला घास घेतला. बराच वेळ तोंडात घोळवला. मग त्यांच्या घशातून एक खरखरीत आवाज आला.

"आत घेताना... त्यांच्याकडून आधी काय घेतलं?"

"काही नाही, आबा. आधी दार उघडलं."

"म्हातारीने उतारा हाच सांगितला होता," आबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले. मग त्यांनी ताट पुढे सरकवलं. "अजून थोडं वाढ."

ठकूबाईने वाढलं. तिच्या घरी विरजलं तसं तुमच्या-आमच्या घरी विरजो, आणि चमचाभर मागायला कुणीतरी दारी येवो.